गिल्बर्टचा राहिलेला रुपया

मरोळच्या गावठाणात गिल्बर्टचं घर शोधायला पत्ता लागायचा नाही. ज्या घराला अर्धाच गिलावा, ते गिल्बर्टचं. लग्नाच्या वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं गिलावा करायला घेतला, सुरेखही केला, आणि खिडकीपाशी आल्यावर त्याचं मन जे उडालं ते उडालंच. त्याला सात वर्षं झाली. परसात अर्धी खणलेली विहीर होती, तिच्यात बदकं राहायची. माळ्याला शिडी होती, माळा नव्हता. लग्नाच्या बँडमध्ये तो कर्नेट, ती छोटी पितळी तुतारी, वाजवायचा आणि, खोटं कशाला सांगू, फार गोड वाजवायचा. पण गाण्याचा पहिला भागच त्याला पाठ. दुसरा भाग आला की कर्नेट खाली करून ओठ पुसत उभा राहायचा, आणि पुढचं बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं.

तेव्हा गावठाणानं त्याला ‘अर्धवट गिल्बर्ट’ म्हटलं यात गावठाणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. म्हणणाऱ्यांत त्याची ल्युसी मावशी सगळ्यांत पुढे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून तिनंच त्याला हातांवर घेतलं होतं, त्यामुळे त्याला बोल लावायचा हक्क आपल्याला थेट देवानं दिलाय अशी तिची समजूत होती. गिल्बर्ट हसून सोडून द्यायचा. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तो लेथवर कामाला होता. तिथलं काम मात्र तो पुरं करी, कारण तिथे मुकादम डोक्यावर उभा असे.

पण चोपन्न सालच्या नाताळात एक झालं. त्याची बायको ॲग्नेस घराला चुना देत होती. देता देता ती गिलाव्याच्या हद्दीपाशी आली, ब्रश हातात धरून क्षणभर थांबली, आणि काही न बोलता बादली उचलून आत गेली. एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं. ती बोलली नाही, आणि गिल्बर्टला ते आतपर्यंत लागलं. आयुष्यात एक गोष्ट, एकच, शेवटापर्यंत न्यायची असं त्यानं त्या दिवशी ठरवलं. कुठली ते मात्र ठरवलं नाही. निदान तेवढं तरी अर्धवट राहणारच की.

ती गोष्ट आठवडाभरात आपल्या पायांनी कारखान्यात चालत आली. पायांनी म्हणजे एका पायानं, दुसऱ्या पायाला काठीचा आधार होता. दत्ताराम नावाचा घाटकोपरचा एक गृहस्थ मोटारसायकलची एक खीळ कातून घ्यायला आला. मूळचा मालवणकडचा. लढाईत मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात मोटारसायकलवरून लष्करी टपाल पोचवायचं काम त्यानं केलेलं. लढाई संपल्यावर लष्करानं गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा होती नव्हती ती पुंजी घालून त्यानं एक बीएसए घेतली. नऊ वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली. आता उजवा गुडघा कामातून गेला होता. किक मारली की डोळ्यांपुढे काजवे चमकत. डॉक्टर म्हणाले, गाडी नाहीतर पाय, काय ते ठरव.

गिल्बर्ट कारखान्याबाहेर आला, गाडी पाहिली आणि तिच्यावर जागीच मेला. हिरव्या लष्करी रंगावर काळा रंग चढवलेला, टाकी आरशासारखी पुसलेली. लढाईच्या काळात अशा गाड्या गावठाणाच्या क्रुसाजवळून धुरळा उडवत जायच्या, आणि कोवळ्या वयाचा गिल्बर्ट हातातलं सगळं काम टाकून मागे पळायचा. गरज होती का त्याला? अजिबात नाही. कारखाना घरापासून चालत पाऊण तास. पुढे त्यानं ॲग्नेसला सांगितलं की एकाच रविवारी बोरिवलीचं आणि मुलुंडचं अशी दोन लग्नं वाजवता येतील, हिशेब अगदी चोख बसतो. ॲग्नेस म्हणाली, हिशेब राहू दे, हौस आहे असं म्हण ना. हौसच होती. शुद्ध, बावनकशी हौस.

सौदा ठरला. दीडशे रुपये आधी आणि तीस-तीसचे दहा हप्ते. पण दत्तारामची अट ऐका. महिन्याच्या पहिल्या रविवारी दहाच्या आत हप्ता घाटकोपरला त्याच्या चाळीत पोचायला हवा, आणि नुसता पोचायला नव्हे.

“हप्तो गाडयेवर बसानच हाडूक व्हयो,” दत्ताराम म्हणाला. “एक चुकलो, की गाडी माझी. पैसे परत नाय.”

अशी अट कुणी मान्य करतं का? गिल्बर्टनं केली. गावठाणात बातमी पसरली तेव्हा लोकांनी पैजा लावल्या. कुणी म्हणे चार हप्ते, कुणी म्हणे पाच. ल्युसी मावशी म्हणाली, दोन, आणि तेही माझा गॉडसन म्हणून.

पहिला हप्ता फेब्रुवारीत गेला, थाटात गेला, कारण जानेवारीभर लग्नं होती. दत्ताराम चाळीच्या दाराशी उभा होता, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. पैसे त्यानं न मोजता खिशात टाकले आणि गाडीपाशी उकिडवा बसायला गेला. गुडघ्यामुळे जमेना, तेव्हा सरळ जमिनीवरच मांडी ठोकली. कान लावून इंजिन ऐकलं. साखळी बोटानं उचलून पाहिली. ब्रेकची तार ढिली आहे म्हणून गिल्बर्टला फैलावर घेतलं. मग मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, चल, पवईच्या तळ्यापर्यंत, चाचणी घ्यायची आहे. तळ्यावर पोचल्यावर चाचणीचं नावही काढलं नाही. वारा खाल्ला, मिसरच्या चार गोष्टी सांगितल्या, आणि परत. घरी त्याची बायको रुक्मिणी गरम घावणे आणि चहा घेऊन तयार. दर महिन्याचा हा शिरस्ताच पडला.

मार्चमध्ये मात्र गिल्बर्टची वाट लागायची पाळी आली. म्हणजे असं की, ख्रिस्ती माणसाच्या हिशेबात उपासकाळ नावाची एक भानगड आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लग्न नाही, वाजंत्री नाही, मौजमजा नाही. बँड खुंटीला टांगलेला. गिल्बर्टनं दहा हप्ते कबूल केले तेव्हा मधले दोन उपासकाळात येतात हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला जाणारा माणूस, आणि कॅलेंडर बघायला विसरला! मार्चचा हप्ता त्यानं कारखान्यात जादा काम करून भागवला. एप्रिलच्या हप्त्याला हाताशी अकरा रुपये होते.

तेव्हा ॲग्नेस उठली. तिच्या माहेरचा बाटलीमसाला म्हणजे, अहो, वीस-पंचवीस जिनसा भाजून, कुटून, काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा, त्याचा वास तीन घरं ओलांडून जायचा. दर वर्षी ती घरापुरता करायची. त्या वर्षी तिनं तो ईस्टरच्या इंद्यालसाठी, त्या झणझणीत आंबट मटणासाठी म्हणून विकायला केला. आठ दिवस उखळावर बसली. हात लालभडक झाले, डोळे सुजले, आणि एप्रिलच्या पहिल्या, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी सकाळी तिनं रुमालात बांधलेले तीस रुपये गिल्बर्टच्या हातावर ठेवले. गिल्बर्टनं तोंड उघडलं. ती म्हणाली, बोलू नकोस, जा, दहा वाजतील. देवळात मिळालेली झावळी हँडलला बांधून तो घाटकोपरला गेला, आणि वाटभर त्याचे डोळे मसाल्यानं नव्हे तर दुसऱ्याच कशानं चुरचुरत होते.

मे गेला, जून गेला, जुलैही गेला. पाच हप्त्यांवर पैज लावणारे हरले. ऑगस्ट गेला तेव्हा गावठाण जरा गप्प झालं. ऑक्टोबरात नववा हप्ता गेला आणि लोक आपणहून गिल्बर्टच्या ओट्यावर येऊन गाडीला हात लावून जाऊ लागले. ल्युसी मावशीनं तर बाजूच पालटली. पहिल्यापासून मला खात्री होती, माझ्या हातांवर वाढलाय तो, असं ती गावच्या विहिरीवर सांगू लागली. नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. शेवटचा हप्ता. मिस्सेनंतर फादर गाडीला आशीर्वाद देणार, मग गिल्बर्ट घाटकोपरला जाणार, आणि परत येईल तेव्हा मैद्याचे गोल फुगे तळून तयार, सगळं गावठाण जेवायला. असा बेत ठरला.

फादरनी प्रार्थना म्हटली, हँडलवर, टाकीवर, चाकांवर पवित्र पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि ते आत गेले. गिल्बर्टही आभार मानायला त्यांच्या मागोमाग गेला. ल्युसी मावशी गाडीपाशी उरली, आणि तिच्या मनाला ते पटेना. चार थेंब? एवढ्या मोठ्या धुडाला? आणि तेही वरवर? आमच्याकडे नवी विहीर खणली की पवित्र पाणी विहिरीच्या आत ओततात. पेरणीच्या भातावर शिंपडून ते हातानं कालवतात. आशीर्वाद पोटात जायला नको का? तिच्या थैलीत सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवरच्या मोतमाउलीच्या जत्रेतून पवित्र म्हणून आणलेलं पाणी होतं, चांगली औषधाची बाटलीभर. तिनं इकडेतिकडे पाहिलं, टाकीचं झाकण फिरवलं, बाटली पुरी रिती केली, झाकण घट्ट लावलं आणि वर क्रुसाची खूण केली. गिल्बर्ट बाहेर येऊन गाडीवर बसला, तेव्हा सगळ्यांत जोरात हात हलवत होती ती मावशीच. हातात रिकामी बाटली.

गाडी छान सुरू झाली. का नाही होणार? कार्ब्युरेटरमध्ये आधीचं पेट्रोल होतंच की. मरोळपासून साकीनाक्यापर्यंत गिल्बर्ट राजासारखा गेला. कर्नेट नव्हतं म्हणून तोंडानंच वाजवत गेला. नाका ओलांडला, आणि गाडी खोकली. एकदा, दोनदा, आणि गप.

त्यानं किक मारली. पन्नास वेळा मारली. प्लग काढून पुसला, ठिणगी होती. टाकी हलवून पाहिली, भरलेली होती. लेथवर तो कुणाला ऐकणारा नव्हता, पण गाडीच्या पोटातलं त्याला ठाऊक नव्हतं. ते सगळं दहा महिने दत्तारामच बघत आला होता. रविवार, आजूबाजूचे कारखाने बंद. साडेनऊ होऊन गेले होते. गाडी तिथेच टाकून हप्ता घेऊन पळत जावं, तर अट गाडीवर बसून यायची. दहा महिने, ॲग्नेसचे ते लाल हात, ओट्यावर तळायला घेतलेले फुगे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. पुन्हा खिडकीपाशी येऊन थांबलोच आपण, त्याला वाटलं. आणि मग त्याला राग आला. स्वतःचा, इतका सणसणीत राग त्याला पूर्वी कधी आला नव्हता. त्यानं कोट काढून सीटवर टाकला, हँडल धरलं आणि असल्फ्याच्या चढावर गाडी ढकलायला लागला.

ती काही सायकल नाही. चार माणसांचं वजन. घामानं त्याचा रविवारचा सदरा पाठीला चिकटला. समोरून येणाऱ्या एकानं विचारलं, काय रे, गाडी फिरायला घेऊन चाललास काय? गिल्बर्टनं मान खाली घालून जोर लावला. त्याला एवढंच ठाऊक होतं की आज मधे थांबायचं नाही. चढ संपला तेव्हा दूर देवळातून की शाळेतून दहाचे ठोके पडले. तरी तो ढकलतच राहिला.

आणि वळणावर त्याला काठी टेकत टेकत येणारा दत्ताराम दिसला. चाळीपासून मैलभर तरी तो त्या गुडघ्यावर चालत आला होता.

गिल्बर्टनं गाडी स्टँडला लावली. खिशातून पैशांचा रुमाल काढला, पण पुढे केला नाही.

“मी बसून आलो नाही, दत्तारामभाऊ. दहाही वाजून गेले. अट मोडली. गाडी तुमची.”

दत्तारामनं ते ऐकलं की नाही देव जाणे. तो केव्हाच गाडीपाशी जमिनीवर बसला होता. खिशातून पाना काढला, कारण हा माणूस पाना घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. कार्ब्युरेटरची वाटी सोडवून आतलं त्यानं तळहातावर ओतलं. पेट्रोल पसरलं आणि त्यात पाण्याचे टपोरे गोळे फिरू लागले.

“गिल्बर्टा, पेट्रोलात पाणी कोणी घातल्यान?”

गिल्बर्टनं वाकून त्या गोळ्यांकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे हलणारा हात आला, हातातली रिकामी बाटली आली. त्यानं कपाळाला हात लावला आणि सगळं सांगितलं, मोतमाउलीच्या जत्रेपासून. दत्ताराम ऐकत गेला, ऐकत गेला, आणि मग असा हसायला लागला की त्याला काठी धरवेना. मिसरमध्ये आम्ही प्यायच्या पाण्यासाठी तडफडायचो तेव्हा तुझी मावशी कुठे होती, असं काहीतरी तो हसता हसता म्हणत होता. गिल्बर्टलाही हसू फुटलं. रडायच्या बेतात असलेला माणूस एकदा हसायला लागला की आवरत नाही. दोघं रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसले.

मग दत्ताराम कामाला लागला. पाणी तळाशी बसलेलं होतं, नळीवाटे ते आधी काढून घ्यायचं. पण रस्त्यावर सोडून देईना. गिल्बर्टला म्हणाला, देवीचं पाणी आहे, पायाखाली कसं टाकायचं? शेजारच्या चहावाल्याकडून एक डबा मागून आणला, त्यात पाणी धरलं. पेट्रोल मिसळलेलं म्हणून झाडालाही घालता येईना. शेवटी चहावाल्याच्याच भिंतीतल्या एका उंच कोनाड्यात त्यानं डबा ठेवला आणि त्याला बजावलं की इथे विडी पेटवू नकोस. अर्ध्या तासानं गिल्बर्टनं किक मारली तशी गाडी पहिल्या झटक्यात बोलली.

“आता बस,” दत्ताराम म्हणाला. “मी पाठी बसतंय.”

“पण दहा वाजून गेले ना.”

“माझा घड्याळ घराक रवला. किती वाजले ता माका ठाऊक नाय.”

चाळीत पोचल्यावर दत्ताराम हात धुवायला मोरीत गेला. रुक्मिणीवहिनी घावणे वाढता वाढता हळू आवाजात बोलायला लागली. साडेआठपासून दारात उभे होते म्हणाली. पहिला रविवार म्हणजे ह्यांचा सण. शनिवारीच दाढी, सदऱ्याला इस्त्री, आणि महिनाभर एकच बोलणं, पोरगा तार नीट लावतो का, तेल बदलतो का. हप्ते कशाला लावले ठाऊक आहे का तुम्हाला? एक शेटजी रोख पाचशे देत होता. ह्यांनी हाकलून लावला. रोख दिले की गाडी डोळ्यांआड होणार ना. हप्त्यांवर दिली म्हणजे दहा वेळा तरी दाराशी येईल. आजचा दहावा. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही त्यांनी. आता पुढच्या रविवारी ह्या माणसाला मी काय सांगू, ते तुम्हीच सांगा भाऊजी. एवढं बोलून ती पदरानं डोळे टिपून चुलीकडे वळली.

गिल्बर्टनं हातातला घावणा ताटलीत ठेवला. समोर रुमाल होता, ॲग्नेसनं गाठ मारून दिलेला, त्यात बरोबर तीस रुपये. गाठ सुटली की पुरं झालं. उभ्या जन्मात एक गोष्ट शेवटाला गेली. मरोळात सगळं गावठाण वाट बघत होतं ते हेच ऐकायला. त्यानं गाठ सोडली. मग एक बंदा रुपया उचलून त्यानं विजारीच्या खिशात टाकला.

दत्ताराम येऊन बसला. चेहरा इस्त्री केल्यासारखा कडक. आतापर्यंत नऊ वेळा त्यानं पैसे मोजले नव्हते. आज मोजायला घेतले, वेळ काढायला बहुतेक. मोजले, थांबला, पुन्हा मोजले.

“एक कमी आसा.”

“हो,” गिल्बर्ट म्हणाला. “एक रुपया राहिला. पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी. गाडीवर बसूनच येईन.”

दत्तारामनं त्याच्याकडे पाहिलं. चुलीपाशी रुक्मिणीवहिनीचा हात थांबला.

“आणि फुडच्या महिन्यात नाय दिलंस तर?”

“तर त्याच्या पुढच्या. तोवर गाडी काही पुरती माझी नाही, भाऊ. तुम्हाला तिच्यावर लक्ष ठेवावंच लागेल.”

 एकोणतीस रुपये दत्तारामनं फळीवरच्या डब्यात ठेवले, डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले, आणि पुढच्या ब्रेकची तार पुन्हा ढिली झालीय, तुला शंभर वेळा सांगितलंय, म्हणून गिल्बर्टला असा काही झाडला की चाळीतली माणसं बाहेर आली. मग दोघं पवईला गेले.

मरोळात गिल्बर्ट पोचला तो दुपारी दोनला. फुगे निवून गेले होते, पण माणसं जागची हलली नव्हती. मावशीनं पुढे होऊन विचारलं, संपलं ना रे एकदाचं? गिल्बर्ट म्हणाला, नाही, एक रुपया राहिला. आणि असा हशा उठला की बदकं विहिरीतून बाहेर पळाली. अर्धवट तो अर्धवटच, मावशी कपाळ बडवत म्हणाली, देवाचं एवढं पाणी घातलं तरी अर्धवटच. पाण्याचं काय झालं ते गिल्बर्टनं तिला कधीच सांगितलं नाही. गाडी घाटकोपरला पोचली ती आपल्याच बाटलीमुळे, या आनंदात ती जन्मभर राहिली.

ॲग्नेस मात्र हसली नाही. रुमालात तीस रुपये तिनं स्वतः बांधले होते. दुसऱ्या दिवशी विजार धुवायला घेतली तेव्हा खिशात रुपया लागला. ओल्या हातात तो घेऊन ती गिल्बर्टपुढे येऊन उभी राहिली. त्यानं तिला दत्तारामचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, मग आत गेली आणि घरच्या वेदीवरच्या माउलीच्या पायाशी तिनं तो रुपया ठेवला. बाहेर आली ती चुन्याची बादली घेऊन. भिंतीचा जो भाग गिलाव्याविना राहिला होता त्याच्यावर तिनं, आहे तसाच, चुना फासला. दिसायला काही वाईट दिसला नाही.

पुढे गिल्बर्टनं अनेक गोष्टी सुरू केल्या आणि त्यांतल्या बहुतेक तशाच राहिल्या. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहाच्या आत तो घाटकोपरला जाऊन, रुपया आणायला विसरलो, असं सांगून यायचा. आधी काठी टेकणाऱ्या दत्तारामला, आणि दत्ताराम खाटेला खिळल्यावर खिडकीखाली गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून. चौदा वर्षं, दत्ताराम होता तोवर. त्यात एक रविवार चुकला नाही.